पायथनच्या ऑनलाइन बॅचमधून मुलं गळतात, काय करू?

प्रश्न: मी नाशिकरोडला टॅली-एक्सेलचा क्लास घेते. मुलांनी मागणी केली म्हणून पायथनमधून डेटा अ‍ॅनालिसिसची ऑनलाइन बॅच सुरू केली, सिन्नर-निफाडकडचीही मुलं आली. पण व्हेरिएबल, लूप, फंक्शन असं शिकवत गेले तर थोड्याच दिवसांत निम्मी गायब, आणि उरलेली व्हिडिओ बघतात पण स्वतः दोन ओळी लिहू शकत नाहीत. बहुतेक कॉमर्सची आहेत. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: ताई, मुलं कॉमर्सची आहेत ही अडचण नाहीच, सरासरी कशासाठी काढायची हे त्यांना आधीच कळतं. फक्त क्रम बदला. पहिल्याच तासाला फाइल उघडायची. पांडास या पायथनच्या तक्ते हाताळायच्या लायब्ररीत सुरुवातीचं बरंचसं काम लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड, न लिहिताच होतं, आणि नवख्या मुलाला आठवडाभर एक ते दहा आकडे छापायला लावले तर तो म्हणणारच ना, की एक्सेलमध्ये ओढलं की झालं, मग हे कशाला?

फाइल घ्या लासलगावच्या कांद्याची. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, रुपये प्रति क्विंटल. निफाडच्या मुलाच्या घरी या आकड्यांवर रोज बोलणं होतं, त्यामुळे कोडमधून भलतंच उत्तर आलं की त्याला ते लगेच खटकतं, आणि हे खटकणं मला सिंटॅक्सपेक्षा, म्हणजे कोड लिहायच्या नियमांपेक्षा, कितीतरी महत्त्वाचं वाटतं. प्रश्न एकच द्या, गेल्या तीन वर्षांत कुठल्या महिन्यात भाव सगळ्यात चढा होता? महिन्याप्रमाणे गट पाडायला पांडासमधला ग्रुपबाय लागतो, तो तेव्हाच शिकवा, आधी नाही.

फाइल साफ करून देऊ नका हं, खरं शिक्षण तिथेच आहे. 03/04/2024 ही तारीख पांडास आपल्यासारखी 3 एप्रिल न धरता 4 मार्च धरतो, त्याला डेफर्स्ट ट्रू (dayfirst=True), म्हणजे दिवस आधी आहे, असं सांगावं लागतं, आणि फाइलमध्ये 1 ते 12 तारखांच्याच नोंदी असतील तर एररसुद्धा येत नाही, ग्राफ व्यवस्थित दिसतो आणि महिने सगळे उलटेपालटे! 1,250 असा स्वल्पविराम असला की आकडा मजकूर म्हणून वाचला जातो. लिलाव बंद असलेल्या दिवशी भाव नसतो, तिथे मुलं शून्य भरतात आणि सरासरी खाली येते, रिकामं सोडलं तर पांडास तो दिवस सरासरीत धरतच नाही. या तिन्ही गोष्टी मुलांना आपापल्या हाताने सापडू द्या, वेळ गेला तरी चालेल.

लाइव्ह तासाला तुम्ही टाइप करू नका, रोज एका मुलाला स्क्रीन शेअर करायला लावा आणि बाकीच्यांनी त्याला सांगायचं. एरर आली की लाल अक्षरं बघून मुलं घाबरतात, त्यांना सवय लावा की सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय बिघडलं ते तिथेच लिहिलेलं असतं. कीएरर, म्हणजे त्या नावाचा कॉलम सापडला नाही, असं असेल तर कॉलमच्या नावाचं स्पेलिंग बघा, बऱ्याचदा नावापुढे एक स्पेस राहिलेली असते.

लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला लावू नका, पायथन लिहून चालवायचं गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, फोनवरही उघडतं पण टाइप करताना हाल होतात, म्हणून ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांना क्लासवर येऊन मशीन वापरू द्या. कोलॅबमध्ये नुसती अपलोड केलेली फाइल सेशन संपलं की जाते, ड्राइव्हमध्ये ठेवायला सांगा. सरावाला कॅगल या डेटा शिकायच्या वेबसाइटवरचा पांडासचा कोर्स फुकट आहे पण इंग्रजीत आहे, तो शेवटी द्या.

आणि बॅच संपताना प्रत्येकाने स्वतःची फाइल आणायची, काकांच्या मेडिकलची विक्री असो की आईच्या बचत गटाची वही. फक्त अपलोड करण्याआधी त्यातली लोकांची नावं आणि फोन नंबर काढून टाकायला सांगा.