खेड्यात राहून स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून चित्र करायच्या कामावर घर चालतं का?

चालतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात माझं चालतंय. गिऱ्हाईक मात्र नागपूर-अमरावतीचं.

पण तुम्ही शेवटी विचारलंय की डिझायनर म्हणतो, पॅनलमागे आधाराच्या आडव्या सळ्या नकोत, चित्र तुटतं. त्याचं ऐकू का? अजिबात ऐकू नका.

2016 मध्ये एका बंगल्याच्या जिन्याला मी 5 बाय 3 फुटांचा पळस केला. खिडकी पश्चिमेची. पाकळ्यांच्या कडांना चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भट्टीत पिवळा रंग आणला. युरोपात चौदाव्या शतकापासून असंच करतात. काच आणि शिशातली फट भरायची पुट्टी खडूची पावडर आणि घरच्या जवसाचं तेल घालून मळलेली. मागे दोन सळ्या टाकून तांब्याच्या तारेनं बांधणार होतो. आर्किटेक्ट चारचौघांत म्हणाला, हे चर्चवाल्यांचं जुनं खूळ आहे. मी नवा होतो, गप्प बसलो.

दुसऱ्या मे महिन्यात मालकाचा फोन. पारा 45 च्या वर आणि दुपारभर ऊन काचेवर. तापलं की शिसं काचेच्या जवळजवळ तिप्पट वाढतं आणि पट्टी एकदा वाकली की आपणहून सरळ होत नाही. पॅनल मधोमध बोटभर बाहेर आलं होतं, बुंध्याचे तीन तुकडे तडकले होते. घरातली आजी म्हणाली, "काऊन बा, काचेले पोट सुटलं?" बोल मलाच लागला, आर्किटेक्ट फिरकलाही नाही.

पॅनल उतरवलं, टेबलावर आडवं टाकून वजनाखाली आठवडाभर हळूहळू बसवलं, तुकडे बदलले, सांधे नव्यानं सोल्डर केले. एक पैसा घेतला नाही. सळ्या मात्र कुणाला न विचारता टाकल्या. एक सळी फांदीच्या शिशामागे अशी गेली की समोरून दिसत नाही. दुसरी फुलांमागून जाते, ती दिसते. खाका काढतानाच सळीची जागा धरून फांदी त्या रेषेवरून नेली असती, तर तीही लपली असती. तुमच्या डिझायनरला हे कागदावर काढून दाखवा. तरी नाही म्हणाला, तर ते काम सोडा. मी तेव्हा सोडायला हवं होतं.

हो, मुख्य राहिलंच. शिसं अंगात भिनतं. कामाच्या खोलीत चहासुद्धा पिऊ नका, पोरांना आत येऊ देऊ नका, रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या. आणि पहिली दोन वर्षं शेती किंवा दुसरं काही हाताशी ठेवा, मी ठेवलं होतं.