तळटीप वाच

प्रिय,

माणसाच्या वाढीच्या आठ टप्प्यांचा तू पाठवलेला तक्ता मोठा करून पाहिला. पट्टी लावून आखलेले आठ रकाने. पहिल्या चारांपुढे बरोबरच्या खुणा (तिसऱ्यापुढची जरा घाबरत केलेली दिसते), पाचव्यावर लाल फुली, सहा-सात-आठ कोरे. फुलीखाली बारीक अक्षरात ‘वय 26, अपूर्ण’. आणि एवढ्या आधारावर तू त्या मुलीला ‘आत्ता नको’ असं कळवून मोकळा झालास. स्वतःची ओळख पक्की झाल्याशिवाय जवळीक कशी साधायची, पाचव्याआधी सहावा कसा सुरू करायचा, असं वर मलाच विचारतोस.

मानसशास्त्राच्या तासाला हे रकाने तुला फळ्यावर मीच आखून दिले होते. तेव्हा रागवायचा मला फारसा हक्क नाही. तरी रागावणार आहे.

तळटीप वाच. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने हे आठ टप्पे 1950 साली पुस्तकात मांडले. प्रत्येक टप्पा म्हणजे दोन बाजूंची ओढाताण, ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’ अशी. लोकांना ते इतके आवडले की काहींनी ‘विरुद्ध’च्या पलीकडचं सगळं गाळूनच टाकलं. विश्वास ठेवला, अविश्वास काढला. उद्यमशीलता ठेवली, न्यूनगंड काढला. पुढच्या आवृत्तीत त्याने चिडून एक लांबलचक तळटीप घातली. या टप्प्यांची यशाची मोजपट्टी करू नका, असं त्याचं म्हणणं. एखाद्या टप्प्यावर एखादा गुण एकदा कमावला की पुढे तो कशानेच हलत नाही, ही समजूत म्हणजे आपलं यशाचं वेड मुलांच्या वाढीवर लादणं आहे. तो बोलत होता दोन्ही बाजूंच्या गुणोत्तराबद्दल. अविश्वास अगदी शून्य झालेला माणूस कुणाच्याही मागे जाईल. दोन्ही बाजू शेवटपर्यंत सोबत राहतात, कमी-जास्त होत राहतात. रकाना बंद होतच नाही. मग तू फुली मारलीस ती नेमकी कशावर?

ज्याच्या पट्टीने स्वतःला नापास केलंस, त्याचंच बघ. जन्म 1902 चा. जन्मदाता बाप कोण हे त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बर्गर हे आडनाव लावून वाढला. शाळा संपल्यावर चित्रं काढत भटकला. 1927 मध्ये, जवळजवळ तुझ्याच वयाचा असताना, व्हिएन्नात मुलांच्या एका शाळेत शिकवायला गेला, तिथे सिग्मंड फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड हिच्या हाताखाली मनोविश्लेषण शिकला. विद्यापीठाची पदवी त्याने कधी घेतलीच नाही. हार्वर्डला प्राध्यापक झाला तोही पदवीवाचून. आणि ‘एरिक्सन’ हे आडनाव? ते त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेताना, 1939 साली लावलं. तोवर त्याचं लग्न होऊन मुलंबाळं झाली होती. म्हणजे पाचव्या टप्प्याला ज्याने नाव दिलं, तो सहावा आणि सातवा (पुढच्या पिढीला वाढवण्याचा) जगत असताना स्वतःचं नाव ठरवत होता. तुझ्या तक्त्यात हा गडी बसवून दाखव.

पाच आधी, सहा नंतर हा क्रमही काही दगडावरची रेघ नाही. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईने 1982 मध्येच दाखवून दिलं की हा क्रम पुरुषांच्या आयुष्यावरून बेतलेला आहे, बायकांच्या बाबतीत ओळख आणि जवळीक एकमेकींत गुंतून वाढताना दिसतात. मला विचारशील तर पुरुषांचंही फारसं वेगळं नसतं, त्यांना फक्त ते उशिरा कळतं. हे माझं मत, पुस्तकातलं नाही.

मात्र या सगळ्याचा तू सोयीचा अर्थ काढशील, हेही मला दिसतंय. ‘माझा शोध चालू आहे’ हे वाक्य तुझ्या पत्रात चार वेळा आलंय. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या, आठवतं? शोध चालू असणं ही एक आणि शोधही नाही, बांधिलकीही नाही, नुसतं विखुरलेपण, ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक एवढाच की पहिलीत माणूस काहीतरी करून बघतो, त्यात तोंडघशी पडतो, परत काहीतरी करतो. गेल्या सहा महिन्यांत तू काय करून पाहिलंस? तक्ता आखलास. अरे, ज्या चुलतभावाचं तू कौतुक करतोस, वडिलांनी आखलेल्या वाटेवर मान खाली घालून गेलेला, त्याच्या पाचव्या रकान्यात तू खुशाल बरोबरची खूण केली असतीस. मार्शियाने तसं केलं नसतं. न शोधता स्वीकारलेल्या ओळखीसाठी त्याने वेगळं खातं ठेवलं आहे.

तळटीप मी तुम्हाला का सांगितली नाही, हे तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. एका वर्षी सांगितली होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे?’ मी नाही म्हणाले. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. पुढच्या वर्षापासून मी ती वगळली. ‘आठ टप्पे स्पष्ट करा’ या प्रश्नाला गुण होते, तळटिपेला नव्हते. अभ्यासक्रम काही मी एकटीने ठरवला नव्हता आणि पोरं नापास झाली असती तर जाब मलाच विचारला असता. आता लिहिताना हे कारण फुसकं वाटतंय, तेव्हा वाटत नव्हतं.

आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत सोबत राहतात, ही तळटिपेतली गोष्ट मीच विसरले, ती घरात महागात पडली. वडील 81 वर्षांचे, उजवा हात अर्धांगवायूने अधू. तपासणीला जायचं होतं, साडेदहाची वेळ. ते पलंगाच्या कडेला बसून शर्टाचं वरून तिसरं बटण लावत होते. अंगठा काजापर्यंत यायचा आणि घसरायचा. यायचा आणि घसरायचा. मी किल्ली हातात घेऊन दारात उभी. म्हणाले, ‘लावतो मी.’ मी पुढे झाले आणि तिन्ही बटणं लावून टाकली. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि खिडकीकडे बघत राहिले. त्यानंतर ते कधी बटणाला हात लावायला गेले नाहीत. सकाळी शर्ट अंगात घालून माझी वाट बघत बसायचे. त्या दिवशी आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो होतो.

दोन वर्षांचं पोर ‘मी, मी’ म्हणत चपलेशी झटतं, तो दुसरा टप्पा. स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका. मी त्याला वर्गात 25 मिनिटं द्यायचे. तोच टप्पा माझ्यासमोर पलंगावर बसला होता आणि मी मात्र त्यांना आठव्या रकान्यात घालून ठेवलं होतं: वृद्धत्व, एकात्मता विरुद्ध निराशा. एरिक्सनची बायको जोन हिने नवरा गेल्यावर, 1997 मध्ये, नववा टप्पा जोडला. ती स्वतः तेव्हा नव्वदीत होती. ऐंशी-नव्वदीत आधीची सगळी भांडणं पुन्हा उभी राहतात, असं तिचं म्हणणं, आणि म्हणून तिने प्रत्येक जोडीत कमकुवत बाजू आधी लिहिली. लाज आणि शंका आधी, स्वायत्तता नंतर. हे मी वडील गेल्यावर वाचलं.

तेव्हा ‘अजून पाचवा झाला नाही’ असं पुन्हा मला लिहू नकोस. माझाही झालेला नाही. निवृत्त झाले त्या महिन्यात, मॅडम नसलेली मी कोण, या प्रश्नाने मला झोप नव्हती.

त्या मुलीला हो म्हण असं मी सांगत नाही. तिने आता ऐकून घेतलं नाही तर तो तिचा अधिकार आहे. नको असेल तर नको असं लिही, भीती वाटत असेल तर भीती वाटते असं लिही. फक्त त्या पत्रात ‘टप्पा’ हा शब्द येता कामा नये. लिहून झाल्यावर मला दाखवायचीही गरज नाही.

तुझी,
मॅडम