फेब्रुवारीअखेरीस गोकाकच्या घळईत फुलं दाखवायला न्यायचं तर

बेळगावहून पंचवीस जणांना फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गोकाकच्या घळईकाठी रानफुलं दाखवायला न्यायचंय, काय दिसेल आणि कसं न्यावं, असं विचारलंत. पहिलं काम म्हणजे लोकांच्या डोक्यातलं कास पठार काढणं. फुलांचा गालिचा पावसाळ्याच्या शेवटी. होळीच्या तोंडावर खडकावरचं गवत वाळलेलं असतं आणि फुलतात ती झाडंझुडपं, बरीचशी पानं गाळून. निमंत्रणात नुसतं 'रानफुलं' लिहिलंत तर निम्मे लोक खाली बघत चालतील आणि हिरमुसून परततील. धबधब्याचंही आधीच सांगून टाका. कडा ५२ मीटरचा खरा, पण या दिवसांत पाण्याची धार बारीक असते.

पंचवीस जण एकत्र नेऊ नका. अरुंद वाटेवर एका झुडपाभोवती चार-पाच माणसंच नीट उभी राहतात. बारा-तेराच्या दोन तुकड्या करा, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, प्रत्येक तुकडीला पुढे एक आणि शेवटी एक जाणता. बेळगावहून सव्वापाचला निघा, सातला चालायला लागा आणि साडेनऊला गाडीपाशी परत या. दहानंतर वालुकाश्म, म्हणजे इथला वाळूचा खडक, खालूनही भाजायला लागतो आणि पक्षीही पांगतात. अंतर दोन किलोमीटर पुरे, माणशी पाणी दोन लिटर.

दोन दिवस आधी त्याच वेळी वाट चालून या आणि सहा-सात झाडं हेरून ठेवा, ज्यांची फुलं हाताच्या उंचीवर आहेत किंवा खाली पडलेली आहेत. तीस फुटांवरची काटेसावर म्हणजे नुसता लाल ठिपका.

पळस दाखवताना फूल तोडायची गरजच नाही, खाली सडा असतो. एक उचलून पाकळ्या सुट्या करायला लावा: मागे उभा ध्वज, बाजूला दोन पंख, आणि दोन पाकळ्या जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी नौका. ती उघडली की दहा पुंकेसर मोजता येतात, नऊ बुडाशी जुळलेले आणि एक सुटा. हे एवढं केलंत तरी मुलं खूश. खडकाळ उतारावर सोनसावर (गणेर) मिळाली तर सगळ्यांना गप्प उभं करा. या फुलात मध नाही, आणि पराग केसराच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून बाहेर येतो. म्हणून भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो आणि त्याचा गुणगुणाट एकदम वरच्या पट्टीत जातो. कान दिलात तर फरक कळतो. धायटी ओढ्याकाठच्या दगडांत शोधा. तिची लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो पुष्पकोश आहे, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं आवरण. कांडोळाची पांढरी कागदासारखी साल खुशाल बघा, फळांना मात्र हात नको, त्यांचे केस टोचतात.

आता धोके. सगळ्यात मोठा आग्या मोहोळाचा. कड्याच्या छज्जाखाली पोळी असतात. अत्तर, धूर, फटाके, ड्रोन, दगड फेकणं, मोठ्यानं हाका मारणं, काहीही नको. हेरणीच्या दिवशी दुर्बिणीनं कडा तपासा आणि पोळ्याखालून वाट जात असेल तर वाटच बदला. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळायचं, हात झाडायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही. नांगी नखानं लगेच खरवडून काढायची, कारण तिच्या वासानं आणखी माश्या येतात. धाप लागली, ओठ सुजले की थांबायचं नाही, थेट दवाखाना.

सपाट फरशीवर पाय घसरतो तो ओलीमुळे नव्हे. झिजलेल्या दगडाचे कोरडे वाळूकण चपलेखाली मण्यांसारखे फिरतात. खाचांचे तळ असलेले बूटच घाला. कुसळी गवतासाठी लोकरीचे मोजे नकोत. दमट हवेत कुसळाची शेपटी पीळ सोडते आणि टोक आत शिरतं. खाजकुइलीच्या शेंगा लागल्या तर चोळू नका, चिकटपट्टीनं केस उपटा, मग पाण्यानं धुवा. नदीपात्रात उतरणं टाळा, वरून पाणी सोडलं तर पातळी चढते.

वनखात्याची जमीन लागत असेल तर वनक्षेत्रपालांची परवानगी आधी घ्या. आणि वाटेत मेंढपाळाला झाड विचारायचं तर कन्नडातच विचारा: पळस म्हणजे मुत्तुग, काटेसावर म्हणजे बूरुग, रुई म्हणजे यक्क.