गिटार आणि गाण्याचे लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे रेकॉर्ड केलेले तुकडे) मोबाइलवर तालात बसत नाहीत. कोणतं अ‍ॅप घेऊ?

आयफोन-आयपॅड असेल तर लूपी प्रो, अँड्रॉइडवर लूपिफाय. पण लूप सरकतोय तो बहुधा ब्लूटूथ हेडफोनमुळे. त्यात आवाज कानात उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरा ऐकलेल्या ठेक्यावर वाजवता आणि लूपवर चढवलेला नवा थर मागे पडतो. म्हणून वायरचेच हेडफोन लावा. स्पीकर तर नकोच, जुना थर माइकमधून परत रेकॉर्ड होतो.

टेम्पो आणि लूपची लांबी आधी ठरवा. केरवा ताल मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत धरला, तर 8 मात्रांचं आवर्तन 4 सेकंदांत संपतं. मी निदान दोन आवर्तनांचा लूप घेईन; गिटारला श्वास घ्यायला जागा मिळते. अ‍ॅपमध्ये लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर) जुळवायची सोय असेल तर पहिला थर घेण्याआधीच ती वापरा.