बाकावर ठेवलेलं बाळ

प्रिय मुली,

परवा रात्री एक वाजता पाठवलेली तुझी एक्सेल शीट उघडली आणि तशीच बंद केली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या तुमच्या उत्स्फूर्त नाटकाच्या प्रयोगाचा निरोप, आणि त्याला आठ कॉलम! कुणी कधी एन्ट्री घ्यायची, ते गाजलेलं मामाचं लग्न पुन्हा कितव्या मिनिटाला लावायचं, बंगळुरूला निघालेल्या दोघांवर स्पॉट कधी टाकायचा. अगं, सहा वर्षं तुम्ही लोकांकडून एक शब्द मागून घेतलात आणि त्यावर तासभर खेळलात. आता शेवटच्या दिवशी शब्द मागणार आणि आधीच शिजवून ठेवलेलं वाढणार?

प्रयोग बंद करावा का, हे तू विचारलंयस. करा बंद. माणसं पांगली, हॉलचं भाडं परवडत नाही, आणि नवी पोरं आणून जुनंच नाव चालवण्यात मला तरी राम दिसत नाही. तो विषय संपला. माझा जीव अडकलाय त्या शीटमध्ये.

ठरवून आत जायचं नाही. पहिल्या तालमीला मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, त्यानंतर काही फारसं नवं सांगितलेलं नाही.

तुम्ही हॅरल्ड खेळता, म्हणजे एका शब्दावरून उभ्या उभ्या रचलेले सुटे प्रवेश, शेवटी एकमेकांत गुंफले जाणारे. १९६७ मध्ये अमेरिकन रंगकर्मी डेल क्लोज आणि मंडळींनी कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा केला. त्यातले सुटे धागे शेवटी एकमेकांत अडकतात, ते विंगेत कुणी गाठ मारून ठेवलेली असते म्हणून नाही. आधीच्या प्रवेशात कोण काय बोललं ते सगळ्यांनी कान देऊन ऐकलेलं असतं, म्हणून. उत्स्फूर्त नाटकाचे गाजलेले शिक्षक कीथ जॉनस्टन तर शिकवायचे की चतुर व्हायला जाऊ नका, सहज सुचेल तेच करा. आणि हे सगळं साता समुद्रापलीकडचं खूळ आहे म्हणणाऱ्या तुझ्या काकांना सांग, आपल्या तमाशात वगाची गोष्ट तेवढी ठरलेली असायची. बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. सोंगाड्या समोरचा पाटील बघून बोलायचा. घरून पाठ करून आलेला सोंगाड्या कुणाला हसवणार?

तू म्हणशील, शेवटचा प्रयोग फसला तर? फसू दे. सहा वर्षांत काय कमी फसले? दिवाळीच्या आधीचा तो प्रयोग आठव, पुढच्या रांगेतले आजोबा घोरत होते आणि तुम्ही त्या घोरण्यालाच बोटीचं इंजिन केलंत. ते कुठल्या कॉलममध्ये होतं?

आता माझं ऐक. आमचा शेवटचा प्रयोग २०११ चा. मी शेवट मनाशी पक्का केला होता: एसटी स्टँड, एकेक जण आपापल्या गाडीत बसतो, मी शेवटचा, दिवे मंद. दिवेवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. त्या प्रवेशात माझी मैत्रीण आत आली आणि हातातलं काहीतरी जपून माझ्या हातात देत म्हणाली, "दादा, याला जरा धर, मी आलेच." रिकाम्या हातांत बाळ होतं. अख्ख्या हॉलला दिसत होतं. आणि मला गाडी पकडायची होती! मी बाळ बाकावर ठेवलं आणि निघालो. समोरून हलकंसं "अरे..." आलं. मग दिवे गेले, टाळ्या झाल्या, दोघं-तिघं रडलेही.

विंगेत ती एवढंच म्हणाली, "खाली ठेवलंस."

कुणीतरी आकार द्यायला हवा होता, हे मी तिला तेव्हा सांगितलं आणि आजही सांगेन. सगळे हळवे झाले होते, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं, दिवेवाल्याला शेवटची लोकल गाठायची होती. मी नसतं ठरवलं तर आम्ही रात्री बारापर्यंत एकमेकांच्या गळ्यात पडत बसलो असतो. हे खोटं नाही. पण ती परत आली असती तर काय म्हणाली असती, हे मला चौदा-पंधरा वर्षांत सुचलेलं नाही. बाळ हातात घेऊन उभा राहिलो असतो तर तिथल्या तिथे कळलं असतं.

म्हणून सांगतो, ठरवून आत जाऊ नकोस. ती शीट काढून टाक. मला नवी, सुधारलेली पाठवू नकोस. जुन्या मंडळींना बोलवायचं तर बोलव, पण खुर्चीत बसव. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर प्रयोगानंतर, चहाबरोबर. लोक मामाच्या लग्नासाठी ओरडतील. ओरडू देत. दिवे पाहणाऱ्या मुलाला एकच सांग: कधी घालवायचे ते तू बघ, आम्हाला विचारू नकोस.

मी येतोय. मागच्या रांगेत दोन जागा ठेव. शब्द मागशील तेव्हा मी तोंड उघडणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे. दुसरी जागा तिच्यासाठी. मेसेज केलाय, वाचलाय तिने, उत्तर अजून नाही.

तुझा,
तालमीतला म्हातारा