घरी चिनी वाचायला शिकवू पाहणाऱ्या आईस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. लेक पाच वर्षांचा झाला, दोन वर्षांनी इथल्या शाळेत पहिलीला जाईल, मातृभाषेच्या तासाला हिंदीऐवजी चिनी घ्यायचे तुम्ही दोघांनी ठरवले आहे आणि घरात त्या लिपीतले एक अक्षरही कोणाला ओळखता येत नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागला आहे. सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषांची सोय आहे, मराठीची नाही; त्यामुळे इथल्या प्रत्येक मराठी घराला हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो. तुम्ही तो घेतलात, आता तो पुन्हा पुन्हा उकरून काढू नकोस. मी माझी दोन मुले या वाटेने नेली आणि पुढे बरीच वर्षे शेजारच्या लहान मुलांना घेऊन वाचत बसले. त्यातून जे हाती लागले तेच लिहिते आहे.

पहिल्या मुलाच्या वेळी माझ्याकडून जी चूक झाली ती आधी सांगते, कारण तुझ्या पत्रावरून तूही त्याच चुकीच्या उंबरठ्यावर उभी आहेस असे दिसते. चौकटीच्या वह्या आणल्यास, अक्षरांची यादी भिंतीवर लावलीस आणि रोज एक अक्षर दहा वेळा लिहून घेते आहेस. मीही अगदी हेच करत होते. एके संध्याकाळी मी त्याच्या मागे उभी राहून पाहिले, तर तो उभ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आधी पाण्याचे तीन ठिपके, म्हणजे पाण्याशी नाते असलेल्या अक्षरांच्या डावीकडे येणारी खूण, दहा चौकटींत काढत गेला, मग पुन्हा वर येऊन दहाही चौकटींत अक्षराचा उजवा भाग भरत खाली आला. रकाना सुरेख दिसत होता, पण संपूर्ण अक्षर त्याच्या डोळ्यांपुढे एकदाही उभे राहिले नव्हते. तेच अक्षर असलेले गोष्टीचे पान मी पुढे धरले तेव्हा त्याला ते ओळखता आले नाही. तीन महिन्यांची मेहनत त्या एका क्षणात मला दिसली आणि मला फार वाईट वाटले, त्याच्यासाठी अधिक, कारण तो मन लावून माझे ऐकत होता.

वाचनाला लेखनाच्या दावणीला बांधू नये, हे मला तेव्हा उमगले. आपल्या मनात नकळत देवनागरीचा नकाशा असतो. मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, थोडी जोडाक्षरे झाली की मूल एके दिवशी दुकानावरची पाटी आपली आपण वाचते आणि मग ते कुठलाही शब्द वाचू शकते, अर्थ कळो वा न कळो. त्या दिवसाची आपण वाट पाहत असतो. चिनीत असा एक दिवस येत नाही. तिथे प्रत्येक अक्षराची स्वतंत्र ओळख करून घ्यावी लागते आणि ओळखी हळूहळू साठत जातात. म्हणून जे अक्षर लिहिता येत नाही ते वाचायचेही नाही असा नियम केलास तर त्याची पुस्तके हाताच्या वेगाने चालतील, आणि पाच वर्षांच्या मुलाचा हात फार मंद असतो. खुद्द चीनमध्येही शाळेची अपेक्षा अशी नाही. तिथल्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन इयत्तांत सुमारे 1600 अक्षरे ओळखावीत आणि त्यांपैकी 800 लिहिता यावीत असे धरले आहे, म्हणजे ओळखीच्या निम्मीच लेखनात. ज्यांची ती घरची भाषा आहे त्यांना जर ही सवलत आहे, तर तुझ्या मुलाला ती का नसावी?

तरीही वाचनाच्या आधी एक गोष्ट यायला हवी, आणि ती म्हणजे कान. चिनी छापील ओळीत दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नसते. एक अक्षर म्हणजे एक उच्चार, पण शब्द बहुधा दोन अक्षरांचा. 'श्याव' म्हणजे लहान, 'शिन' म्हणजे हृदय, आणि दोन्ही मिळून 'श्याव-शिन' म्हणजे 'जपून'. ज्याने हा शब्द कानांनी आधी ऐकलेला नाही तो दोन्ही अक्षरे बरोबर ओळखूनही 'लहान हृदय' एवढेच म्हणत राहील. माझ्या धाकटीला हे मी न शिकवता कळले. खाद्यकेंद्रात फरशी पुसून पिवळी पाटी उभी केली होती आणि तीवर चार अक्षरे होती. तिने 'श्याव, शिन' वाचले, पुढचे जमिनीचे 'ती' वाचले आणि चौथ्याशी अडली. ते तिने कधी पाहिलेले नव्हते. पण त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन ठिपके होते, खाली ओली फरशी होती, आणि बालवाडीतल्या घसरगुंडीला 'ह्वा-थी' म्हणतात हे तिला पक्के ठाऊक होते. ती दोन क्षण थांबली आणि 'ह्वा!' म्हणाली. निसरडे. अक्षर तिला येत नव्हते, शब्द येत होता, आणि शब्दानेच तिला अक्षरापर्यंत नेले.

म्हणून पुढचे सहा महिने ऐकण्यावर खर्च कर. बालवाडीतल्या चिनी शिक्षिकेशी तो किती बोलतो ते विचार, शेजारच्या आजींकडे अर्धा तास खेळायला सोड, गोष्टींच्या ध्वनिफिती लाव. तुझे उच्चार चुकतील याची चिंता करू नकोस. चिनीतले सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, त्याच्या कानांत मूळ भाषकांकडूनच जाऊ देत आणि तू शेजारी बसून त्याच्याकडून शिक. आई चुकते आणि आपण तिला सुधारतो, हे लहान मुलाला फार आवडते.

वाचन सुरू करताना त्याला आधीच तोंडपाठ असलेली एखादी कविता घे. हंसाची ती छोटी कविता इथल्या जवळजवळ प्रत्येक बालवाडीतल्या मुलाला येते. सातव्या शतकातल्या लुओ पिनवांग या कवीने ती वयाच्या सातव्या वर्षी केली असे सांगतात. सगळी मिळून अठरा अक्षरे, आणि पहिली ओळ म्हणजे 'अ, अ, अ', हंस, हंस, हंस. मोठ्या ठशात ती कागदावर छापून घे, त्याचे बोट धर आणि एका उच्चाराला एक अक्षर असे सरकव. पहिल्या ओळीत तीनदा एकच आकृती आहे हे तू सांगू नकोस. त्याला ते दिसेल, आणि दिसल्यावर तो ते तुला सांगेल. ते अक्षर उजव्या बाजूला पक्ष्याचे आहे आणि डाव्या बाजूला 'मी' या अर्थाचे 'वो' आहे, जे तिथे केवळ उच्चाराची खूण म्हणून बसले आहे. हे मात्र काही महिन्यांनी सांग, तेव्हा ते गोड लागेल.

याच कवितेच्या शेवटच्या ओळीत पाणी स्वच्छ आहे असे सांगणारे 'छिंग' येते, आणि त्याचे सगळे घराणे मुलांना दाखवण्यासारखे आहे. उजवा भाग तोच ठेवायचा: डावीकडे पाणी आले की स्वच्छ, सूर्य आला की निरभ्र, बोलण्याची खूण आली की विनंती, हृदय आले की भावना. चारही 'छिंग', फक्त सूर बदलतो. डोळ्याची खूण आली की मात्र उच्चार 'चिंग' होतो, तेव्हा भाग सारखा असला तरी उच्चार दर वेळी तंतोतंत सारखा नसतो हेही त्याला कळते. चिनीतली बहुसंख्य अक्षरे अशीच अर्थाचा एक भाग आणि उच्चाराचा एक भाग मिळून झालेली आहेत. डोंगर, झाड, चंद्र यांची चित्रे दाखवून सुरुवात करणारे तक्ते बाजारात पुष्कळ मिळतात. ते वाईट नाहीत, पण लवकर संपतात. आपल्या 'चा-ची-चे'चे काम करणारे 'त' हे अक्षर प्रत्येक पानावर भेटते आणि त्याचे चित्र काढता येत नाही. अशी अक्षरे वाक्यातच ओळखीची होतात.

पिनयिनबद्दल तू विचारले आहेस. रोमन लिपीतली ही उच्चारपद्धती चीनने 1958 मध्ये स्वीकारली आणि इथेही पहिलीत ती शिकवतात. ती यायला हवी, पण घाईने नको. तुझा मुलगा आत्ता इंग्रजी वाचायला लागतो आहे; त्याला 'डब्ल्यू, ओ, एम, ई, एन' दिसले की तो 'विमेन' म्हणणार, आणि पिनयिनमध्ये ते 'वो-मन', म्हणजे 'आम्ही' असते. चीनच्या शाळांतल्या 2016 पासूनच्या नव्या पाठ्यपुस्तकातही आधी आकाश, पृथ्वी, माणूस, तू, मी, तो ही अक्षरे येतात आणि पिनयिन त्यानंतर. ज्या पुस्तकात अक्षरांच्या डोक्यावर पिनयिन छापलेले असते तिथे मुलाची नजर वरच राहते, म्हणून कागदाची पट्टी कापून ती ओळ झाक.

मात्र पिनयिन शिकवायची वेळ येईल तेव्हा तुझ्याकडे एक ठेवा आहे, तो वापर. त्यातला 'बी' आपल्या 'ब'सारखा नसतो, तो 'प' असतो. 'डी' हा 'त'च्या जवळचा, 'टी' हा 'थ'च्या, 'जी' हा 'क' आणि 'के' हा 'ख'. इंग्रजीतून येणाऱ्या मुलांना हा भेद समजवावा लागतो, आपली मुले क-ख, त-थ म्हणतच मोठी होतात. 'झेड' म्हणजे चाकातला 'च' आणि 'जे' म्हणजे चिमणीतला 'च', एवढे सांगितले की काम झाले. घरात मराठी भरपूर बोलत राहा. ती कमी केल्याने चिनी वाढत नाही.

पुस्तके वाचनालयातून आण. चिनी बालविभाग तिथे चांगला असतो. विकत घ्यायची तर ब्रास बसाच्या संकुलात जा, ज्याला चिनी लोक पुस्तकनगरी म्हणतात. पानावर एक-दोन ओळी असलेली, तीच तीच अक्षरे फिरून येणारी पुस्तके निवड आणि एक पुस्तक कंटाळा येईपर्यंत वाच, त्याचा कंटाळा, तुझा नव्हे. पंधरा मिनिटे पुरेत, पण रोज. कार्डे करायचीच असतील तर पुस्तकात भेटलेल्या अक्षरांचीच कर, आठवड्याला पाचांहून जास्त नको, आणि ओळखता न आलेले कार्ड न बोलता ढिगाच्या तळाशी सरकव.

लेखन पूर्ण सोड असे मी म्हणत नाही. पहिलीत गेल्यावर दर आठवड्याला 'थिंगश्ये', म्हणजे श्रुतलेखन, येईल आणि ते टळणार नाही. सध्या पाटी घे आणि ओल्या बोटाने एखादेच अक्षर काढू दे: आधी आडवी रेघ मग उभी, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पाणी वाळते, चूक पुसली जाते, बोटे दुखत नाहीत. इतके लेखनही एका कामासाठी फार उपयोगी आहे, ते म्हणजे सारखी दिसणारी अक्षरे वेगळी करणे. हात पसरलेला माणूस म्हणजे 'मोठा'. त्याच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की 'आकाश', पायांत ठिपका दिला की 'फार', आणि तोच ठिपका वर उजव्या खांद्यापाशी गेला की 'कुत्रा'. हे नुसते पाहून चुकते, बोटाने केल्यावर सहसा चुकत नाही.

भिंतीवरची यादी आजच काढ. येत्या शनिवारी त्याला मेट्रोने चायनाटाउनला घेऊन जा. त्या स्थानकाचे चिनी नाव 'न्यू-छ-श्वेय' आहे: बैल, गाडी, पाणी, त्या भागात पूर्वी बैलगाड्यांनी पाणी येत असे, त्यावरून ते पडले. जाण्याआधी आठवडाभर गोष्टींतून ही तीन अक्षरे त्याच्या नजरेखालून जाऊ देत. तिथे उतरल्यावर त्याला काही विचारू नकोस आणि फलकाकडे बोटही दाखवू नकोस. गर्दीतून थोडे बाजूला होऊन पाण्याची बाटली काढायच्या निमित्ताने फलकासमोर दोन मिनिटे उभी राहा. तो काही म्हणाला तर मला त्याच दिवशी कळव, आणि नाही म्हणाला तर पुढच्या शनिवारी त्याला माझ्याकडे घेऊन ये. धाकटीची जुनी पुस्तके मी कपाटातून काढून ठेवली आहेत.

कळावे,

तुझी काकू