भागलंस कशाने?

प्रिय,

तुझा आलेख पाहिला. मोठ्या चरबीपेशींत लायपोलिसिस, म्हणजे साठवलेली चरबी मोडणं, जास्त होतं, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. त्याआधी मला सांग, चरबी मोडल्यावर बाहेर पडणाऱ्या ग्लिसरॉलचा आकडा तू कशाने भागलास?

हे खुसपट नाही, अख्खा विषय इथेच अडतो. समज, एका पेशीचा व्यास ५० मायक्रोमीटर आणि दुसरीचा १००. व्यास दुप्पट, पृष्ठफळ चौपट, घनफळ आठपट. मोठीतून चौपट ग्लिसरॉल बाहेर पडलं, तर दर पेशीमागे ती पुढे, दर ग्रॅम चरबीमागे ती निम्म्यावर आणि पृष्ठफळाच्या हिशोबाने दोघी बरोबरीत. मोजमाप एकच, उत्तरं तीन. तिन्ही छाप.

मूळ वेग आणि संप्रेरक दिल्यानंतरचा वेग वेगळे मांड. काहीही न देता मोठी पेशी दर पेशीमागे जास्त चरबी मोडते, हे पुष्कळांना दिसलं आहे. म्हणून अ‍ॅड्रेनालिननंतर नुसतं ‘किती पट वाढ’ पाहिलंस, तर आधीच वर असलेली ही पेशी उगाच मंद वाटेल. शिवाय माणसाच्या चरबीपेशीत अ‍ॅड्रेनालिन बीटा रिसेप्टरवरून (रिसेप्टर म्हणजे संप्रेरक जिथे चिकटतं ती पेशीवरची जागा) वेग वाढवतं आणि अल्फा-२ वरून तोच दाबतं. फक्त बीटावर चालणारं आयसोप्रेनालिनही सोबत लाव, म्हणजे फरक कुठला ते कळेल.

इन्सुलिनबद्दल तू १९६८ सालच्या सॅलन्स, निटल आणि हर्श यांच्या कामाचा आधार घेतला आहेस. काम उत्तमच आहे. पण इन्सुलिनला मोठ्या पेशींचा प्रतिसाद कमी, आणि वजन उतरून पेशी लहान झाल्यावर तो सुधारला, हे त्यांनी ग्लुकोजच्या वापरावरून दाखवलं. इन्सुलिन लायपोलिसिस किती रोखतं, तो प्रश्न निराळा. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नकोस.

आता हाताच्या कामाचं. कोलॅजिनेज या पेशींमधले धागे तोडणाऱ्या विकराने पेशी सुट्या करायची रॉडबेलची १९६४ ची पद्धत तू वापरतेसच, पण त्यात मोठ्या पेशी आधी फुटतात. नळीत वर तेलाचा तवंग दिसला, तर उरलेला नमुना लहान पेशींकडे झुकलेला आहे असं धर. काचेची भांडी टाळ, प्लास्टिकची घे, हलकेच हलव. सूक्ष्मदर्शकाखाली सुटा तेलाचा थेंब हुबेहूब पेशीसारखा दिसतो, त्यामुळे मोजताना घाई नको.

पुढच्या वेळी नुसता सरासरी व्यास पाठवू नकोस. प्रत्येक पेशीचा व्यास हवा. सरासरीचा घन आणि घनांची सरासरी एक नसते, आणि तुझं सगळं घनफळ त्यावरच उभं आहे.